मनगटातला गंडा आणि बोर्डाखालची पट्टी: शार्क खरंच लांब राहतात का?

विचारणा अशी आहे: तीन वर्षं सर्फिंग करतोय, आता कामानिमित्त वर्षभर वेस्टर्न ऑस्ट्रेलियात राहायला जाणार आहे. शार्कच्या बातम्या वाचून घरच्यांनी धसका घेतलाय. बहिणीने चुंबकाचा मनगटपट्टा भेट दिला आहे. तो पुरेसा आहे, की बोर्डाला लावायचं विजेचं महागडं यंत्र घ्यावं? आणि ते घेतल्यावर आपण पाण्यात सुरक्षित आहोत असं समजायचं का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. मनगटपट्ट्यावर भिस्त ठेवू नका. विजेच्या यंत्रांपैकी एक-दोन खरंच काहीतरी करतात. परवडत असेल तर घ्या. पण खोक्यावर ‘सुरक्षित’ हा शब्द कितीही ठळक छापलेला असला, तरी तुमच्या डोक्यात त्याला तेवढी जागा देऊ नका.

मी वीसेक वर्षं लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवतोय आणि त्यातली काही वर्षं जीवरक्षक म्हणून किनाऱ्यावर काढली आहेत. ही यंत्रं वापरली, विद्यार्थ्यांना उसनी दिली, एक तर खाऱ्या पाण्याने पार खाऊन टाकलं. त्यामुळे कौतुक आणि वैताग दोन्ही अनुभवाचे आहेत.

आधी वीजच का, ते बघू. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं दिसतात, दाढी केल्यावर खुंट राहावेत तशी. प्रत्येक छिद्राखाली जेलीने भरलेली नळी असते आणि नळीच्या तळाशी विजेचा सूक्ष्म फरक टिपणाऱ्या पेशी. १६७८ मध्ये स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. त्या कशासाठी आहेत हे कळायला मात्र जवळपास तीनशे वर्षं गेली. १९७१ मध्ये आद्रियानुस काल्मेन या डच शास्त्रज्ञाने केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्याने टाकीतल्या वाळूत एक चपटा मासा पुरला. लहान शार्कने तो बरोबर हुडकला. मग माशावर आगरचं, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या जेलीचं, झाकण घातलं, म्हणजे वास तिथून थेट वर येणार नाही. तरी शार्कने हुडकला. मग त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा टाकला, ज्यातून वीज जात नाही. आता शार्क वरून निघून जायला लागला. शेवटी मासा काढून नुसते दोन इलेक्ट्रोड पुरले आणि माशाइतकाच क्षीण प्रवाह सोडला, तर शार्क वाळू उकरून त्या इलेक्ट्रोडनाच चावू लागला.

हा प्रयोग ऐकला की लोकांच्या मनात हमखास एक शंका येते: मग आपलं यंत्र शार्कला बोलावणार नाही का? नाही. काल्मेनचा प्रवाह माशाच्या हृदयाच्या आणि कल्ल्यांच्या हालचालीइतका नाजूक होता. बोर्डाखालचं यंत्र त्याच्या कितीतरी पट जोरकस ठोके सोडतं. अंधारात मिणमिणती ज्योत दिसली की माणूस तिकडे वळतो, पण कुणी डोळ्यांवर झगझगीत टॉर्च मारला की तोंड फिरवतो, तसंच हे. शिवाय त्या ठोक्यांनी तयार होणारं विजेचं क्षेत्र काही मीटरच्या पलीकडे उरतच नाही. अर्धा किलोमीटर दूरच्या शार्कला त्याचा पत्ताही लागत नाही.

हेच याचं बळ आणि हीच मर्यादा. ही कुप्यांची इंद्रियं शेवटच्या मीटरभरात कामी येतात. ग्रेट व्हाइट शार्क चावताना डोळे आत फिरवून घेतो, म्हणजे ऐन क्षणी तो आंधळाच असतो. तिथे गडबड उडवायची, एवढाच या तंत्राचा दावा असायला हवा. आता तो किती खरा ठरतो ते बघू.

या विषयावर एकच अभ्यास वाचायचा असेल तर २०१८ चा वाचा. फ्लिंडर्स विद्यापीठाचे चार्ली ह्युव्हेनियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ सर्फरसाठीच्या पाच वस्तू एकाच पद्धतीने तपासल्या. बोर्डासारखी फळी, तिच्याखाली आमिष, आणि पाण्यात मोकळे ग्रेट व्हाइट. पाच वस्तू म्हणजे फ्रीडम प्लस सर्फ आणि आरपेला ही विजेची दोन यंत्रं, शार्कबँझचा चुंबकी मनगटपट्टा, त्याच कंपनीची चुंबक बसवलेली लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी), आणि चिलॅक्स नावाचं बोर्डावर चोळायचं वासाचं वॅक्स. एकूण २९७ चाचण्या झाल्या, ४४ वेगवेगळे शार्क आले आणि त्यांनी १,४१३ फेऱ्या मारल्या. या विषयात एवढा मोठा पसारा क्वचितच पाहायला मिळतो.

निकाल असा. फळीवर काहीच नसताना ९६ टक्के वेळा आमिष गेलं. फ्रीडम प्लस सर्फ चालू असताना ४० टक्के वेळा गेलं. शार्क फळीपासून सरासरी १.६ मीटरवरून जायचे, ते अंतर २.६ मीटर झालं. बाकी चार वस्तूंचा परिणाम एक तर नगण्य होता किंवा मोजण्याइतका नव्हताच.

त्यात एक बारीक ओळ आहे, ती बहुतेक लोक गाळतात. एवढ्या चाचण्यांतून साधारण १५ टक्क्यांपेक्षा लहान फरक खात्रीने पकडता आला नसता, असं संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे वॅक्सने किंवा पट्ट्याने पाच-सात टक्के फरक पडत असेल, तर तो या जाळ्यातून निसटला असू शकेल. पट्ट्याच्या बाजूने बोलायचं तर इतकंच बोलता येतं. आरपेलाबाबतही न्याय करायला हवा: त्या कंपनीने पुढे यंत्राची सुधारित आवृत्ती काढली आणि तिचे निकाल बरे आले. जुन्या चाचणीवरून नव्या यंत्राला नापास करू नये. तसंच नव्या चाचणीच्या जोरावर कपाटात पडलेलं जुनं यंत्र विकणाऱ्याकडून ते घेऊही नये.

आता ९६ वरून ४० या आकड्यांशी थोडं थांबू या, कारण दुकानात ते तुम्हाला ‘साठ टक्के संरक्षण’ म्हणून विकले जातील. पहिली गोष्ट, सगळ्यात चांगलं यंत्र चालू असतानाही दहापैकी चार वेळा शार्कने आमिष नेलंच. दुसरी गोष्ट उलट बाजूची आहे: ते शार्क पाण्यात ओतलेल्या माशांच्या रक्ता-तेलाने आधीच चेतवलेले होते आणि समोर खरोखरचं खाद्य होतं. तुम्ही काही ट्यूना नाही. कुतूहलाने जवळ आलेला, ‘हे काय आहे’ या विचारात असलेला शार्क याहून सहज माघार घेईल, असं मला वाटतं, आणि या क्षेत्रातले बरेच जण तसंच मानतात. तिसरी गोष्ट त्या एका मीटरची. १.६ चे २.६ होणं कागदावर किरकोळ दिसतं. बोर्डावर पाय लोंबकळत सोडून बसलेल्या माणसासाठी पोटरीपासून दीड मीटर आणि पोटरीपासून अडीच मीटर यांत पुष्कळ फरक आहे.

पण जो खालून सुसाट वर येतो त्याचं काय? ग्रेट व्हाइट भक्ष्यावर झेपावताना ताशी चाळीसेक किलोमीटरचा वेग गाठतो. त्या वेगाने एक मीटर जायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. ठोका जाणवेपर्यंत जबडा येऊन पोचलेला असणार. बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच ठासून सांगायचो: यंत्र फक्त रेंगाळणाऱ्या शार्कला थांबवतं, झेपावणाऱ्याला नाही.

मग २०१३ चा अभ्यास वाचला आणि जीभ चावली. ह्युव्हेनियर्स यांच्याच गटाने पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरांसाठीचं जुनं विजेचं यंत्र दोन तऱ्हांनी तपासलं होतं. साउथ ऑस्ट्रेलियात स्थिर टांगलेल्या आमिषावर यंत्राचा अंतिम परिणाम काहीच दिसला नाही. शार्क घुटमळले, वेळ घेतला, पण आमिष शेवटी गेलंच. दक्षिण आफ्रिकेच्या सील आयलंडजवळ मात्र त्यांनी सीलचा पुतळा बोटीमागे ओढला. तिथले शार्क तेव्हा पाण्याबाहेर पूर्ण उडी मारून शिकार करण्यासाठी प्रसिद्ध होते. यंत्र बंद असताना १६ झेपा झाल्या, चालू असताना एकही नाही. माझ्या ठाम मताच्या नेमकं उलट. कारण काय असावं? उडी मारून शिकार करणं शार्कला महागात पडणारं काम आहे, त्यात शक्ती फार जाते. काहीतरी विचित्र आहे अशी शंका आली की तो बेत रद्द करत असावा. स्थिर आमिषाजवळ घिरट्या घालायला काही खर्च नाही, म्हणून तो पुन्हापुन्हा येतो. हा माझा तर्क आहे. यावरून धडा एवढाच घेतला की शार्कच्या वतीने आपण छातीठोक बोलू नये.

पुन्हापुन्हा येण्यावरून आठवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या मॉसेल बे इथल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच यंत्राच्या अभ्यासात पहिल्या खेपेला शार्क सरासरी १३१ सेंटीमीटरपर्यंत जवळ आले. पुढच्या प्रत्येक खेपेला ते सुमारे १२ सेंटीमीटरने आणखी धीट झाले. म्हणजे सवय होते. त्या आकडेवारीत दिलासा असा, की खऱ्या समुद्रात तोच शार्क तुमच्याजवळ पाच-सात वेळा यायला हवा आणि तोवर तुम्ही तिथेच बसलेले असायला हवे. शार्क एकदा दिसला, वळून परत आला, आणि ‘यंत्र आहे ना’ म्हणून तुम्ही पुढच्या लाटेची वाट बघत राहिलात, तर त्या १२ सेंटीमीटरांचा हिशेब सुरू झाला असं समजा.

हे सगळं ग्रेट व्हाइटबद्दल. माणसांवरचे गंभीर हल्ले मुख्यतः तीन जातींकडून होतात: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. तिघांचे स्वभाव वेगळे. बुल शार्कवर न्यू कॅलिडोनियात काही विजेची यंत्रं तपासली गेली, त्याचे निकाल २०२० मध्ये छापून आले. परिणाम यंत्रागणिक बदलत गेला, आणि चावे पूर्ण थांबवणारं एकही निघालं नाही. तुम्ही जिथे जाताय तिथे दक्षिणेकडच्या थंड पाण्यात मुख्य काळजी ग्रेट व्हाइटची, उत्तरेकडे सरकाल तशी टायगरची.

आता बहिणीचा पट्टा. काही शार्क चुंबकाला बिचकतात हे खोटं नाही. प्रयोगशाळेत, लहान जातींवर, अगदी जवळून तसं दिसलेलं आहे. अडचण ‘अगदी जवळून’ या दोन शब्दांत आहे. चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की जोर आठव्या हिश्शावर येतो. दहा सेंटीमीटरवर जेवढा असेल, त्याचा एक मीटरवर हजारावा भाग उरतो. गणित नको असेल तर हे करून बघा. माझ्या एका विद्यार्थ्याने असाच पट्टा आणला होता. आम्ही टेबलावर टाचण्या पसरल्या आणि पट्टा वरून हळूहळू खाली आणला. बोटाच्या पेराएवढं अंतर राहीपर्यंत टाचण्या ढिम्म. मग दोन-तीन टणकन चिकटल्या. तो मुलगा बराच वेळ त्या टाचण्यांकडे बघत राहिला. पाण्याने चुंबकाचा जोर वाढत नाही. आणि बोर्डावर बसल्यावर पट्टा असतो मनगटावर, म्हणजे बहुतेक वेळ पाण्याबाहेर मांडीवर, तर लोंबकळतात पाय. ताईत-गंडा बांधून माणसाला धीर येत असेल तर माझी हरकत नाही. त्या धीराच्या भरात तो खोल पाण्यात जास्त वेळ थांबला, तर हरकत आहे.

वासाच्या वॅक्स-फवाऱ्यांवर फार शब्द घालवत नाही. या कल्पनेचा इतिहास मात्र मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौसैनिकांना ‘शार्क चेसर’ नावाची वडी दिली जायची: कॉपर ॲसिटेट आणि काळा रंग. सडलेल्या शार्कच्या वासाने जिवंत शार्क पळतो, अशी त्यामागची धारणा. ती पाककृती बनवणाऱ्या गुप्तहेर खात्याच्या चमूत ज्युलिया चाइल्ड होत्या, ज्या पुढे स्वयंपाकाच्या पुस्तकांनी जगप्रसिद्ध झाल्या. वडीने नाविकांचं मनोबल वाढलं. शार्कवर तिचा भरवसा ठेवण्यासारखा परिणाम नंतरच्या चाचण्यांत दिसला नाही. सत्तरच्या दशकात युजिनी क्लार्क यांनी तांबड्या समुद्रातल्या एका चपट्या माशाचा पांढरट स्राव शार्कच्या जबड्याला लकवा आणल्यासारखा रोखतो हे दाखवलं. तो मोठा शोध होता, पण स्राव थेट तोंडात जावा लागतो. लाटांनी घुसळलेल्या पाण्यात वास असो की रसायन, काही क्षणांत विरून जातं.

पट्ट्यापट्ट्यांचे वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख, २०१३ च्या सुमारास आले. ग्रेट व्हाइटला रंग दिसत नसावेत, आकृती आणि उजेड-अंधाराचा फरक दिसतो, हे त्यामागचं शास्त्र ठीक आहे. या वाटेने पुढे गेलेलं काम मला सगळ्यांत आशादायक वाटतं. मॅक्वारी विद्यापीठाच्या लॉरा रायन आणि सहकाऱ्यांनी मॉसेल बेमध्ये सीलच्या पुतळ्यांच्या पोटाला एलईडी दिवे लावून ओढले. खालून बघणाऱ्या शार्कला आकाशावर दिसणारी काळी सावलीच दिव्यांनी मोडून टाकली. उजळ दिवे लावलेल्या पुतळ्यांवर हल्ले लक्षणीय कमी झाले. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण पुतळ्यावरचा प्रयोग म्हणजे तुमच्या बोर्डावरचं उत्पादन नव्हे. साधी दिव्यांची माळ बोर्डाखाली चिकटवून कुणी घरगुती प्रयोग करू नये; दिव्यांची मांडणी आणि उजेड बदलला की परिणामही बदलतो, असं त्याच कामात दिसलं आहे.

मग विजेचं यंत्र घ्यायचं ठरलं, तर रोजच्या वापरात ते कसं असतं? जाहिरातीत न दिसणारा भाग हा आहे. बोर्डाच्या शेपटीकडच्या पॅडमध्ये बॅटरीचा भाग बसतो आणि तळाला चिकटपट्टीसारखा अँटेना लागतो, त्यावर दोन इलेक्ट्रोड. दोन्ही इलेक्ट्रोड पाण्यात असतील तरच क्षेत्र तयार होतं. बसून लाटेची वाट बघताना शेपूट बुडलेली असते, तेव्हा यंत्र उत्तम चालतं, आणि नेमका तोच वेळ जोखमीचा असतो, हे चांगलं जुळून आलंय. लाटेवर उभे राहिलात की तळ वर येतो आणि यंत्र मधूनमधून गप्प होतं. क्षेत्र शेपटीभोवती दाट, बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे विरळ. म्हणजे पॅडल मारताना, बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी कापताना, डोकं आणि हात त्या मानाने उघडेच.

अँटेना चिकटवताना बोर्डावर वॅक्सचा किंवा तेलाचा अंशही राहू देऊ नका. माझ्या पहिल्या पट्टीचा कोपरा तिसऱ्या दिवशी सुटला, पाणी आत शिरलं, बुडबुडा फिरायला लागला. नंतर तळ स्पिरिटने पुसून, वाळवून, मधून कडेकडे दाबत लावली तेव्हा टिकली. इलेक्ट्रोडजवळ पाऊल गेलं तर ठोका बसतो. इजा होत नाही, पण पोटरी अशी आकसते की पहिल्यांदा शिवी आल्याशिवाय राहत नाही. मी एकदा उलटलेला बोर्ड पोटाशी धरून फेसात लोळलो होतो. ते दोन सेकंद अजून आठवतात. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी ही यंत्रं वापरू नयेत, हे उत्पादकच सांगतात. शेजारी बसलेल्या मित्राला यंत्राचं संरक्षण मिळतं हा गैरसमज आहे. दोन-अडीच मीटरच्या पलीकडे त्याचा त्याला उपयोग नाही.

आणि बॅटरी. मला आलेला सगळ्यांत वाईट अनुभव शार्कमुळे आलेला नाही. पावसानंतरचा दिवस, नदीच्या मुखाजवळची लाट, पाणी गढूळ, संध्याकाळ होत आलेली, वर पक्षी सूर मारत होते. म्हणजे खाली लहान मासे होते, आणि त्यांच्या मागे कोण असतं ते सांगायला नको. विद्यार्थ्याला मी अशा वेळी कान धरून बाहेर काढतो. माझ्याबरोबरचा एक जुना सर्फर काही न बोलता पॅडल मारत निघून गेला. मी थांबलो, कारण लाटा छान होत्या आणि शेपटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. पाऊण तासाने बाहेर आलो, बोर्ड उलटा केला, दिवा विझलेला. केव्हा विझला, पत्ता नाही. आदल्या दिवशी चार्जिंगला लावलं होतं, पण मिठाने काळवंडलेल्या टोकांमुळे ते चार्जच झालं नव्हतं. काही झालं नाही. पण यंत्र नसतं तर मी त्या पाण्यात दहा मिनिटंही बसलो नसतो.

एक आकडा तुम्हाला कुठे ना कुठे दाखवला जाईल म्हणून आधीच सांगतो. ऑस्ट्रेलियात २०६६ पर्यंत विजेच्या यंत्रांमुळे १,०६३ जणांना होणारे चावे टळू शकतील, असं एक गणिती भाकीत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच लेखात संभाव्य पल्ला १८५ ते २,११८ असा दिलाय, आणि गृहीत असं धरलंय की पाण्यात उतरणारा प्रत्येक जण यंत्र वापरेल आणि ते दरवेळी चालू असेल. माझ्या विझलेल्या दिव्याला त्या गणितात जागा नाही.

धोका मुळात किती, तेही बघा. फ्लोरिडा म्युझियमच्या नोंदींनुसार माणसाने न डिवचता झालेले हल्ले जगभरात २०२३ मध्ये ६९ होते आणि २०२४ मध्ये ४७. २०२४ मध्ये त्यांतले ४ प्राणघातक ठरले. घरच्यांना हे आकडे दाखवा. पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किनाऱ्यांवर आठवड्यातून पाच दिवस उतरणाऱ्या सर्फरची जोखीम जगाच्या सरासरीपेक्षा जास्त असते, हे स्वतःपासून लपवू नका. तिथली शार्कस्मार्ट सेवा टॅग लावलेले शार्क कुठे टिपले गेले, कुणाला कुठे दिसले, हे फोनवर दाखवते. पाण्यात उतरण्याआधी ती बघणं फुकट आहे, आणि मी तिला कुठल्याही यंत्राच्या वर ठेवतो. मृत देवमासा वाहून आला असेल, माशांचे थवे किनाऱ्याला लागले असतील, तर त्या दिवशी सुट्टी.

शेवटी, चावा जिवावर बेतलाच तर माणूस बहुतेक वेळा रक्तस्रावाने दगावतो. सर्फरला चावा बहुधा पायाला बसतो, आणि मांडीची धमनी तुटली तर हातात मिनिटं असतात. इथे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांचा २०२१ चा अभ्यास प्रत्येक सर्फरने पाठ करावा असा आहे. त्यांनी लीश मांडीला आवळून बांधणं आणि जांघेत मूठ दाबणं यांची तुलना केली. लीशने पायाचा रक्तप्रवाह सरासरी ४३.८ टक्के कमी झाला, मुठीने ८९.७ टक्के. करायचं असं: जखमी माणसाला उताणं झोपवा, कमरेचं हाड आणि जननेंद्रिय यांच्या मधोमध जांघेच्या घडीवर मूठ ठेवा, कोपर सरळ करा आणि अंगाचा सगळा भार टाका. वेटसूट कापत बसू नका, त्यावरूनच दाबा. मदत येईपर्यंत मूठ उचलू नका. जखम हाताला असेल तर मात्र जांघेचा उपयोग नाही, तिथे बंध लागतो. २००३ मध्ये हवाईत टायगर शार्कने बेथनी हॅमिल्टनचा हात तोडला, तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांनी लीशचाच बंध बांधला आणि ती वाचली. म्हणून लीशला कमी लेखत नाही. पण गाडीत खरा टूर्निके, म्हणजे दांडी फिरवून आवळायचा पट्टा, ठेवणं केव्हाही बरं.

कपड्यांतही प्रगती झाली आहे. फ्लिंडर्सच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये चावारोधक वेटसूटची चार कापडं ग्रेट व्हाइट आणि टायगर शार्कवर तपासली. वेटसूटच्या नेहमीच्या रबरापेक्षा, म्हणजे निओप्रीनपेक्षा, गंभीर जखमा कमी झाल्या. हाडं चिरडणं कापड थांबवत नाही, पण रक्तस्राव कमी होणं हेच मोलाचं. मला यंत्र आणि असा सूट यांत एकच निवडायला सांगितलं तर आज मी विचारात पडेन. सूटला चार्जिंग लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी प्रथमोपचाराचा वर्ग आणि टूर्निके, आणि ज्यांच्याबरोबर पाण्यात उतरणार त्यांनाही ती मूठ शिकवा. स्वतःच्या जांघेवर स्वतः भार टाकायला शुद्ध राहीलच असं नाही. मग यंत्र. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र चाचणीत उतरलेल्या ठरावीक यंत्रांवर रहिवाशांना २०० ऑस्ट्रेलियन डॉलरची सवलत सुरू केली. तिथे पोचल्यावर त्या यादीतलंच घ्या, इथून नेऊ नका. एकट्याने उतरू नका. संध्याकाळी दिवा तपासा, सकाळी पुन्हा तपासा, गोड्या पाण्याने टोकं धुवा.

पट्टा बहिणीला परत करायची गरज नाही. टाचण्यांचा प्रयोग केल्यावर त्या विद्यार्थ्याने त्याचा पट्टा मलाच देऊन टाकला. तो फ्रिजच्या दारावर आहे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक धरून. कागद एकच असला तर पडत नाही, दोन लावले की खाली येतात.